न दिसणाऱ्या लहरी आणि दिसण्याची अट

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

घरात वायफाय बसवणे ही आज किरकोळ समजली जाणारी बाब आहे. पण एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीने ती दुसऱ्या कोणाचे डोळे उसने न घेता पार पाडायची ठरवली, की तंत्रज्ञान, कायदा, भाषा आणि भूगोल यांचे प्रश्न त्या एका लहानशा डब्याभोवती गोळा होतात. हे प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे. ज्या मुलखात बँक, तहसील कचेरी किंवा दवाखाना गाठण्यासाठी नाले आणि जंगल ओलांडावे लागते, तेथे घरापर्यंत आलेले इंटरनेट ही चैन राहत नाही. आणि पांढऱ्या काठीच्या आधाराने चालणाऱ्या माणसासाठी तर तो पावसाळ्यात न तुटणारा रस्ता ठरू शकतो. म्हणूनच त्या रस्त्याची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न गांभीर्याने विचारण्याजोगा आहे.

१. कोणालाच न दिसणारे तंत्र

ज्याला बोलीभाषेत ‘वायफायचा डबा’ म्हणतात तो राउटर, म्हणजे बाहेरून आलेली एक जोडणी घरातील अनेक उपकरणांना वाटून देणारे यंत्र. बाहेरची जोडणी जेव्हा काचेच्या केसाएवढ्या बारीक तंतूतून येते, तेव्हा त्या तंतूतील प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारे यंत्रही लागते. त्याला ओएनटी म्हणतात आणि अलीकडे बहुधा ही दोन्ही यंत्रे एकाच डब्यात असतात. तंतूतून घराकडे येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सर्वसाधारणपणे १४९० नॅनोमीटर असते आणि माणसाच्या डोळ्याची क्षमता साडेसातशे नॅनोमीटरच्या आसपास संपते, त्यामुळे हा प्रकाश असला तरी तो कोणत्याही माणसाला दिसत नाही. डब्यातून घरभर पसरणाऱ्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरीही तशाच अदृश्य असतात. खांबापासून फोनपर्यंतच्या या साऱ्या प्रवासात डोळस आणि दृष्टिहीन हे दोघेही सारखेच अंध असतात, आणि तरीही यंत्रणा चालते, कारण तिच्या कामाला पाहणारा लागत नाही.

असे असताना हे तंत्र दृष्टिहीनाला अवघड का वाटावे, याचे उत्तर यंत्राच्या गाभ्यात नसून त्याच्या बाह्य आवरणावर आहे. वायफायचे नाव आणि सांकेतिक शब्द डब्याच्या पाठीवरील चिठ्ठीवर बारीक अक्षरांत छापलेले असतात; जोडणी चालू आहे की तुटली हे हिरव्या-तांबड्या दिव्यांनी सांगितले जाते; राउटरच्या व्यवस्थापनपानावर वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला सांगितली जातात; आणि जोडणी घेतानाच ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला लावल्या जातात. चिठ्ठी, दिवा, चित्र आणि पापणी या चार ठिकाणी दृष्टीची अट आहे, आणि ती चारही ठिकाणे निसर्गाने नव्हे तर रचनाकाराने ठरवलेली आहेत. जी अट माणसाने घातली ती माणसाला काढताही येते, हा या व्याख्यानाचा मुख्य सिद्धान्त आहे.

२. मुलूख आणि माणसे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून त्याचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग जंगलाने व्यापलेला आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही तेथील लोकांनी वर्षानुवर्षे सोसलेली वस्तुस्थिती आहे. दाट झाडी, विरळ वस्ती आणि दीर्घ काळ चाललेला नक्षलवादी हिंसाचार यांमुळे मोबाइलचे मनोरे येथे उशिरा उभे राहिले. डाव्या अतिरेकवादाने प्रभावित भागांसाठी केंद्र सरकारने २०१४ साली मनोऱ्यांची विशेष योजना मंजूर केली, तिच्यातून प्रथम टूजी सेवा आली, आणि एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांतील अशी २,३४३ ठिकाणे फोरजीवर नेण्याचा निर्णय झाला. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची २०११ साली मंजूर झालेली राष्ट्रीय योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीशी इरादापत्र केले आणि त्यात गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यांचा विशेष विचार केला.

यावरून या भागातील घरगुती वायफायचे तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग तंतूचा, जो मुख्यतः शहरे आणि मोठ्या गावांत सुलभ आहे; दुसरा सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरचा किंवा फोनच्याच हॉटस्पॉटचा, जो जेथे ‘रेंज’ आहे तेथे चालतो; आणि तिसरा, येऊ घातलेला, उपग्रहाच्या थाळीचा. यांपैकी दुसरा मार्ग दृष्टिहीनाला सर्वांत जवळचा आहे, कारण त्याची बहुतेक मांडणी बोलणाऱ्या फोनवरून करता येते. उलट थाळीसाठी फोनचा कॅमेरा आकाशाकडे धरून झाडांचा अडथळा शोधण्याची पद्धत रूढ आहे. दाट झाडीच्या मुलखात नेमका हाच टप्पा कळीचा ठरणार असल्याने तो आवाजाच्या मार्गदर्शनाने पार पडेल अशी मागणी सेवा सुरू होण्याच्या वेळीच केली पाहिजे.

या मुलखाची आणखी एक ओळख या विषयाशी थेट जोडलेली आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या कार्यातून आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनाबरोबर तेथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शिक्षणाचीही सोय झाली. दयेवर जगण्यापेक्षा कामातून प्रतिष्ठा मिळवण्याला तेथे प्राधान्य मिळाले. कुष्ठरोगाचा इतिहास येथे केवळ आदराने उल्लेख करण्यापुरता नाही. या रोगाने चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाल्यास पापणी पूर्ण मिटत नाही, त्यातून बुबुळाला जखमा होऊन दृष्टीही जाऊ शकते. आणि हाताच्या मज्जातंतूंना इजा झाल्यास बोटांची संवेदना हरपते. म्हणजे ‘पापणी मिटा’ ही सूचना अशा व्यक्तीला पाळता येत नाही आणि ‘ब्रेल चाचपून पाहा’ हा उपायही तिला पुरत नाही. दृष्टिहीनांसाठीची रचना स्पर्श आणि ध्वनी या दोन्ही वाटांनी केली पाहिजे, हा धडा आनंदवनाच्या परिसरात जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच इतरत्र होत असेल.

३. हाताने आणि कानाने

प्रत्यक्ष कामाचा विचार करताना प्रथम साधनांची ओळख आवश्यक आहे. पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर अंगभूत असतात, व या दोन्हींचा आरंभ २००९ सालचा आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर आवाजाच्या दोन्ही कळा काही सेकंद दाबून धरल्यास टॉकबॅक सुरू करता येतो. विंडोज संगणकासाठी मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी घडवलेली एनव्हीडीए ही विनामूल्य आज्ञावली २००६ पासून विकसित होत आली आहे. दृष्टिहीनांनी दृष्टिहीनांसाठी घडवलेले हे साधन आज जगभर वापरले जाते, ही गोष्ट या क्षेत्रातील आत्मविश्वासाचा मोठा आधार आहे.

डबा हाती आल्यावर बोटांनी त्याचा नकाशा तयार करता येतो. विजेच्या जोडणीचे छिद्र बहुधा गोल असते. जाळ्याच्या तारांच्या चौकोनी खोबणी ओळीने असतात आणि बाहेरच्या जोडणीची खोबण अनेकदा त्या ओळीपासून किंचित अलग ठेवलेली असते. तारेचे टोक नीट बसले की खटकन आवाज होतो आणि तो कानाला व बोटाला एकाच वेळी कळतो. मूळ स्थितीत नेणारी रिसेटची कळ बहुधा खोल छिद्रात असते, म्हणून ती चुकून दाबली जाण्याची भीती कमी. एकदा ओळखलेल्या खोबणीजवळ उठावाची टिकली चिकटवली किंवा अडॅप्टरच्या तारेला रबर गुंडाळले, की पुढच्या वेळी शोधाशोध उरत नाही. प्रकाशतंतूच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी: तो दुमडल्यास तुटतो, त्याचे टोक बोटाने चाचपल्यास मळते, तुटका तुकडा त्वचेत रुततो आणि त्यातील अदृश्य प्रकाश घरातील डोळस माणसांच्या डोळ्यांना अपायकारक ठरू शकतो. म्हणून ते टोक उघडे ठेवू नये आणि विनाकारण काढू नये.

यानंतर येतो सांकेतिक शब्दाचा अडसर, आणि येथे सर्वांत उपयुक्त युक्ती अगदी साधी आहे. राउटर आणि संगणक यांना तारेने जोडल्यास वायफायचा सांकेतिक शब्द लागतच नाही. फोनलाही योग्य जोडतुकडा लावून तार जोडता येते. काही राउटरांवर डब्ल्यूपीएस नावाची कळ असते, जी दाबल्यावर सुमारे दोन मिनिटे उपकरणाला शब्दाविना जोडून घेतले जाते. नव्या अँड्रॉइड फोनांनी ही सोय सोडली असली तरी विंडोज संगणकांत ती मिळते. छापील चिठ्ठी वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय आणि गूगलचे लुकआउट ही अ‍ॅप आहेत, जी कॅमेऱ्यापुढील अक्षरे उच्चारून दाखवतात. मात्र शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांत त्यांची गल्लत होते, म्हणून वाचन दोन-तीनदा पडताळावे. २०१५ साली डेन्मार्कमधून सुरू झालेल्या ‘बी माय आइज’ या सेवेद्वारे दूरच्या डोळस स्वयंसेवकाला व्हिडिओवरून चिठ्ठी वाचायला सांगता येते. पण तेव्हा तो शब्द एका अनोळखी माणसालाही कळलेला असतो, म्हणून लगेच बदलला पाहिजे.

शब्द बदलण्यासाठी राउटरचे व्यवस्थापनपान उघडावे लागते, ज्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. खरी कसोटी येथे लागते. पानावरील कळांना मजकुराची नावे दिलेली नसतील, तर स्क्रीन रीडर नुसते ‘बटन, बटन, बटन’ असे म्हणत राहतो. प्रवेशासाठी चित्रातील अक्षरे ओळखायची असतील तर काम तेथेच थांबते. त्यामुळे राउटर विकत घेण्यापूर्वी, किंवा कंपनीकडून स्वीकारण्यापूर्वी, त्याचे पान किंवा अ‍ॅप बोलके आहे का, हे विचारणे वेगाबद्दल विचारण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नवा शब्द निवडताना तो आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा असू शकतो हे ध्यानात ठेवून चार-पाच असंबद्ध शब्दांची साखळी रोमन लिपीत घ्यावी. ती लक्षात राहते, टंकायला सोपी जाते आणि फोडायला अवघड असते. शब्द टंकताना कानाला हेडफोन लावणे हे दृष्टिहीनासाठी पडद्यावर हात आडवा धरण्यासारखेच आहे.

डबा कोठे ठेवावा हेही कानाने ठरवता येते, कारण फोन हातात घेऊन घरात फिरत गेल्यास स्क्रीन रीडर वायफायची ताकद शब्दांत सांगतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे दूरवर जातात, ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान असल्या तरी लवकर क्षीण होतात. कुडाच्या कोरड्या भिंतीपेक्षा पावसाने भिजलेली मातीची जाड भिंत लहरी अधिक शोषते, आणि टिनाचा पत्रा त्या परतवतो. म्हणून कवेलूच्या घरात चालणारी जागा शेजारच्या टिनपत्र्याच्या खोलीला चालेलच असे नाही. लाईट वारंवार जाणाऱ्या गावात राउटरसाठीचा छोटा बॅटरीसंच जोडला, तर इतर घर अंधारात असतानाही संपर्क टिकतो.

बिघाड झाल्यास डोळस माणूस दिवे पाहतो. दृष्टिहीनाने तीन प्रश्न विचारावेत. फोनच्या यादीत वायफायचे नाव येते का? येत असल्यास डब्याला वीज आहे. व्यवस्थापनपान उघडते का? उघडत असल्यास घरातील जोडणी शाबूत आहे. बाहेरचे संकेतस्थळ उघडते का? उघडत नसल्यास दोष बहुधा घराबाहेर आहे. तंतूच्या जोडणीत आणखी एक पायरी शक्य आहे: ओएनटीच्या स्थितिपानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात आकड्याने लिहिलेली असते, आणि ती साधारणपणे उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावी लागते. तांबडा दिवा फक्त ‘बिघाड’ एवढेच सांगतो. आकडा बिघाड होण्यापूर्वीच तंतू कमजोर होत असल्याचे सांगतो. म्हणजे आकडा ऐकणाऱ्या दृष्टिहीन ग्राहकाला दिवा पाहणाऱ्या डोळस ग्राहकापेक्षा अधिक कळते. माहिती दिव्याऐवजी शब्दांत दिली की ती सर्वांसाठीच अधिक नेमकी होते, हे यातून सिद्ध होते.

४. स्वावलंबन आणि भाषा

स्वावलंबनाचा अर्थ कोणाचीच मदत न घेणे असा केल्यास जगात कोणीही स्वावलंबी ठरणार नाही, कारण खांबावरून तार ओढण्यासाठी डोळस ग्राहकही कारागिराला बोलावतोच. मदत कोणती, केव्हा आणि कोणाकडून घ्यायची हे स्वतः ठरवता येणे आणि घराची किल्ली शेवटी स्वतःच्या हाती राहणे, हे खरे स्वावलंबन होय. ज्या व्यक्तीचे वायफाय शेजाऱ्याने, भाच्याने किंवा दुकानदाराने बसवले आणि त्याचा शब्दही त्यालाच ठाऊक आहे, तिचा पत्रव्यवहार, बँकव्यवहार आणि शिक्षण दुसऱ्याच्या सवडीवर व सद्भावनेवर उभे असते. ती सद्भावना खरी असली तरी तिच्यावर कायमचे अवलंबून राहणे हे नागरिकाला शोभणारे जीवन नव्हे.

या स्वावलंबनाला भाषेचीही अट आहे. फोनमध्ये मराठी आवाज उपलब्ध आहे, एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या ध्वनियंत्रणेतही मराठी आहे; परंतु राउटरची पाने बहुतांशी इंग्रजीत असतात आणि या दोन जिल्ह्यांत घरची भाषा गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली किंवा झाडीबोली असू शकते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या सीजीनेट स्वर या उपक्रमाने साध्या फोनवरून आपल्या भाषेत बातमी सांगण्याची व ऐकण्याची सोय करून दाखवली. वाचता न येणाऱ्यासाठी उभारलेली ही वाट पाहता न येणाऱ्यालाही तितकीच खुली असते. म्हणून गोंडी बोलणारा स्क्रीन रीडर ही केवळ दृष्टिहीनांची गरज मानू नये.

५. कायदा आणि मतदानयंत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मानतो, आणि त्यांत अंधत्वाबरोबर कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचाही समावेश आहे. त्याच्या ४२ व्या कलमानुसार दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वसमावेशक रचनेत, म्हणजे सर्वांना वापरता येतील अशा घडणीत, उपलब्ध होतील हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. आणि राउटर हे आज निःसंशय दैनंदिन वापराचे उपकरण आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या पातळीवर ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करण्यास सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी, आम्लहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. ओळख पटवताना पापणी मिटण्याला पर्याय असावा, हा त्यांतील महत्त्वाचा निर्देश होय. वरोऱ्याच्या परिसरात पिढ्यानपिढ्या ज्यांच्या पापण्या मिटू शकल्या नाहीत, त्यांच्या दृष्टीने हा निकाल दिल्लीत लागला असला तरी तो त्यांचाच आहे.

हे व्यवहारात उतरणार नाही अशी शंका घेणाऱ्यांसाठी एक उदाहरण याच मुलखात उपलब्ध आहे. भारतीय मतदानयंत्राच्या उमेदवारांच्या कळांशेजारी ब्रेल अंक असतात, जेणेकरून दृष्टिहीन मतदाराने सोबत्याशिवाय, गुप्ततेने मत द्यावे. गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदानपथके आणि यंत्रे हेलिकॉप्टरनेही पोचवली जातात, आणि त्या यंत्रांवरील ब्रेल अंक त्यांच्याबरोबरच जंगलात पोचतात. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने औषधांच्या खोक्यांवर औषधाचे नाव ब्रेलमध्ये देणे बंधनकारक केले. मतदानयंत्रावर आणि औषधाच्या खोक्यावर जे शक्य झाले, ते राउटरच्या पाठीवर अशक्य मानण्यास कोणतेही तांत्रिक कारण उरत नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी मागणी थोडक्यात आणि स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. राउटर देणाऱ्या प्रत्येक कंपनीने त्याचा सांकेतिक शब्द ब्रेल व ध्वनी या दोन्ही रूपांत द्यावा. यंत्राची स्थिती दिव्यांबरोबर मजकुरातही दाखवावी. व्यवस्थापनपान स्क्रीन रीडरवर तपासल्याशिवाय बाजारात आणू नये. आणि पापणी न मिटणाऱ्या ग्राहकाला दारातून परत पाठवू नये. शासनाने ‘भारतनेट’ची किंवा उपग्रहाची जोडणी देताना या अटी करारातच लिहाव्यात. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा) आणि वनहक्क कायदा यांनी अधिकार मिळालेल्या येथील ग्रामसभांनी गावात इंटरनेट येते तेव्हा गावातील दृष्टिहीन व्यक्तीला ते स्वतः चालू करता येते का, हा प्रश्न ठरावाच्या वेळी विचारावा. मताची गुप्तता ज्या समाजाने दृष्टिहीनाच्या बोटांवर सोपवली, त्याने घराच्या वायफायची किल्लीही त्याच बोटांवर सोपवली पाहिजे.